दीड आटा

सेलमची पाटी, जपानची गाडी,
आणि उभी विट्यात, कराड रस्त्याला, माझ्या पत्र्याखाली,
जमिनीला पोट टेकायच्या बेतात.
रणधीर म्हणाला, दस्तगीरभाई, हिला कंपनीनं बांधून ठेवलंय.
सोडा.

बांधून म्हणजे काय, तर
करंगळीहून बारीक एक रबरी नळी.
टर्बोपासून निघते, तीन तोंडांच्या डबीत शिरते,
डबीतून डब्याकडं, डब्याला दांडी, दांडीला झडप.
हवा फार झाली की झडप उघडते,
धूर चाकाला वळसा घालून निघून जातो.
एवढंच. लांब कुठंतरी एका टेबलावर कुणीतरी ठरवलेलं:
इथपर्यंत. पुढं नको.

मी नळी काढली.
तिथं पितळेचं नळकांडं बसवलं, कुपवाडच्या लेथवरनं करून आणलेलं.
पोटात सायकलच्या बेअरिंगमधली गोळी, गोळीमागं स्प्रिंग,
वर पेच. पेच आवळला की झडप उशिरा उघडते.
संगणकाला पत्ताच नाही. तो आपला डबी उघडतोय, मिटतोय,
बैल सोडून नेल्यावरही
कासरा ओढत बसलेल्या माणसासारखा.

रेवणगावच्या घाटात पहिल्या रात्री
काटा सव्वावर गेला आणि गाडीला उचकी लागली.
पेट्रोल बंद. शेवटी त्याला संशय आलाच.
त्याचंपण तोंड धरा, रणधीर म्हणाला.
धरलं. एका तारेत एक डायोड,
की सेन्सर सांगत राहतो, सगळं ठीक आहे साहेब.
खोटं बोलायला शिकवायला
साडेचार रुपये लागले.

दुसऱ्या रात्री दीडवर.
परत येऊन बॉनेट उघडलं, बल्ब मालवला.
टर्बो अंधारात डाळिंबाच्या दाण्यासारखा, आतून पेटलेला.
रणधीरचे वडील, दादासो साळुंखे, स्टुलावरनं उठले.
छत्तीस वर्षं सेलमच्या पेठेत गलाई,
भट्टीनं खाल्लेल्या भुवया अजून नीट उगवल्या नाहीत.
चष्मा काढला, डोळे बारीक केले.
"नऊशे," म्हणाले. "वर ईस."
मी मोजलं नाही. ज्याच्या नजरेवर लोकांनी
बायकांचे डाग मुशीत टाकले,
त्याच्यापुढं मीटर काय काढायचा?
"चांदी अजून उभी ऱ्हाईल. आनखी चाळीस, आन् बसली."

मग बराच वेळ काही नाही.
धातू निवताना टिक्, टिक् करत होता.
"ती नळी काय करत हुती?"
पुरे म्हणायची, दादा.
"आन् आता कोन म्हनतं?"
मी पेचाकडं बोट दाखवलं.
"म्हंजी कुनीच न्हाई."

सकाळी रणधीर भजी आणायला गेला.
म्हाताऱ्यानं बंडीतनं चिमटा काढला,
राखेतला सोन्याचा कण उचलायचा, टोकाला काळा पडलेला.
पेचाच्या खाचेत धरला.
वरचा नट मी आधीच सैल करून ठेवला होता,
का ते मलाही सांगता येणार नाही.
डावीकडं. एक आटा.
थांबले. श्वास घेतला.
आणखी अर्धा.
माझ्याकडं बघितलं नाही.
मीही पाना पुसत होतो, कधीचा पुसून झालेला.

काटा माझा होता, तो मी उतरवून घेतला.
जाताना त्यांनी जुनी नळी मागितली,
वीतभर, तेलकट, गुंडाळून बंडीच्या खिशात घातली.

दोनच सीटांची गाडी. बाप-लेक गेले.
संध्याकाळी चित्रदुर्गाच्या पुढनं रणधीरचा फोन:
भाई, नुसती उडतीय! काय केलं काय तुम्ही?
हाताचा गुण, म्हटलं.
कुणाच्या, ते त्यानं विचारलं नाही.
पलीकडं, अगदी जवळ,
अडकित्त्यानं एक सुपारी कातरली.